हिवाळ्यातला ओढा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रवासवर्णन’ असे छापले आहे. ते वाचून मला जरा ओशाळल्यासारखेच झाले. आपल्या मंडळातल्या भगिनी काश्मीरला जाऊन आल्या आहेत, चारधाम करून आल्या आहेत. दोघीजणी तर लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने सातासमुद्रापलीकडे सहा-सहा महिने राहून आल्या आहेत. त्यांनी वर्णन करावे आणि आपण ऐकावे. मी जिथे गेले ते ठिकाण इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. पण चिटणीसबाईंचा आग्रह पडला, आणि त्यांच्या आग्रहापुढे आजवर कोणाचे चालले आहे?

तर ठिकाण म्हणजे आपले बोरिवलीचे नॅशनल पार्क, आणि त्यातली शिलोंड्याच्या ओढ्याची वाट. दिवस बुधवार, २२ जानेवारी २०२५. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. तिळगुळाचे डबे अजून रिकामे झालेले नव्हते आणि हळदीकुंकवांची आमंत्रणे चालूच होती. त्यातून एक सकाळ काढायची म्हणजे काय, हे तुम्हां सर्वांना सांगायला नको.

आम्ही सहाजणी होतो. माई, अक्का, अक्कांची सून, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, आमच्या शाळेच्या बाई आणि मी. सर्वांत धाकटी म्हणजे अक्कांची सून, बेचाळीस वर्षांची. तिने कचेरीतून रजा काढली होती. सर्वांत थोरल्या माई, वय वर्षे एकाहत्तर. नावे मुद्दामच घेत नाही. घेतली नाहीत तरी तुम्ही ओळखणारच आहात!

जायचे ठरल्यावर प्रत्येकीला घरी एकच प्रश्न विचारला गेला, तो म्हणजे “कशाला?” मौज पाहा. आपण देवाला निघालो तर कोणी ‘कशाला’ म्हणत नाही. लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, बाजारात, कुठेही निघालो तरी म्हणत नाही. पण नुसते चालायला म्हणून निघालो, की घर गोंधळून जाते. ताईंचे यजमान म्हणाले, “चालायचंच आहे ना, मग इमारतीच्या गच्चीवर चाला की.” शाळेच्या बाईंच्या मुलाने बिबट्याचे एक चलच्चित्र मोबाइलवर आणून दाखवले. आमच्या घरी मला विचारले, “तिथं पाहण्यासारखं काय आहे?” मी म्हटले, “ओढा आहे.” त्यावर कोणी काही बोलले नाही. माझी चिंता वाटली असावी.

माईंच्या घरी मात्र कोणी ‘कशाला’ विचारले नाही. त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “काकू, आई खरंच स्वतःहून तयार झाली?” तो असे का म्हणाला, ते ओघाने सांगते. माईंची परवानगी घेऊनच सांगते आहे. त्या समोरच बसल्या आहेत.

आता ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एका बाजूला मुंबईची उपनगरे, दुसऱ्या बाजूला ठाणे. मध्ये हे अरण्य. दर सोमवारी ते बंद असते. शिलोंड्याच्या वाटेवर वाटेल त्याने वाटेल तेव्हा जायचे नसते. आधी परवानगी काढावी लागते आणि उद्यानातर्फे वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमच्याबरोबर जी आली ती पाड्यावरची एक मुलगी होती, असेल चोवीस-पंचवीस वर्षांची. अंगावर उद्यानाचा खाकी सदरा, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत साधे कापडी बूट. आम्हां सहाजणींकडे तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले, माईंच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “मावशी, घाई करायची नाही. आपल्याला कुठं गाडी गाठायची आहे?” तिथेच ती मला आवडली.

पाण्याच्या बाटल्या सोडून बाकी प्लॅस्टिक आम्ही घरीच ठेवले होते. खाण्याचे सारे पितळी आणि स्टीलच्या डब्यांत होते. थालीपिठे, लोणी, उकडलेल्या शेंगा, पेरूच्या फोडी, आणि अर्थातच तिळाच्या वड्या. डबे एवढे जड, की अक्का म्हणाल्या, “वाटेत बिबट्या भेटलाच तर त्यालाही पान वाढता येईल.”

थंडी अशी फारशी नव्हती. मुंबईची थंडी ती केवढी! पण माईंनी आठवण काढली, की त्या सात-आठ वर्षांच्या असताना एका हिवाळ्यात कडाक्याचे थंड पडले होते आणि दहिसरच्या घरापुढे पहाटे शेकोटी पेटवून सारी आळी भोवती बसली होती. ताई बँकेतल्या, आकड्यांच्या पक्क्या. त्यांनी घरी आल्यावर शोधून काढले. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, आणि ते नोंदले गेले २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे बरोबर त्याच तारखेला, त्रेसष्ट वर्षांपूर्वी! माई म्हणाल्या, तीच पहाट की दुसरी, हे छातीठोकपणे सांगवत नाही. पण शेकोटीत भाजलेल्या रताळ्याची चव मात्र जिभेवर आहे.

वाट सुरू झाली की पहिल्यांदा कानाला फरक जाणवतो. हमरस्त्याचा आवाज एकदम जात नाही. तो पातळ होत होत जातो, आणि मग आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. जानेवारीत सागाची पाने गळून वाटेवर पडलेली असतात. एकेक पान पत्रावळीएवढे. त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. सहाजणींचे बारा पाय म्हणजे एखाद्या पंगतीचेच पापड! वाटाडी मुलगी म्हणाली, बोलत चाला, आवाज करत चाला, ते चांगले. जनावराला आपण येतो आहोत हे कळते आणि ते आपल्या वाटेने निघून जाते. आमच्या जन्मात बोलत राहण्याची सूचना आम्हांला पहिल्यांदाच मिळाली. एकटीने मागे राहायचे नाही, ओणवे होऊन बसायचे नाही, आणि समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचे नाही, एवढे तिने समजावून दिले. एका ठिकाणी ओल्या वाळूत तिने ठसा दाखवला. चार बोटे आणि मागची गादी, नखांची खूण नाही. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, कुत्रे घेत नाही, म्हणून नखे उमटलेली नसली की तो बिबट्याचा ठसा, असे ती म्हणाली. शाळेच्या बाईंनी तो पाहून चष्मा पुसला आणि त्यानंतर त्या मधोमध चालू लागल्या. मुलगी मात्र अगदी सहज बोलत होती. वारल्यांच्या पाड्यांवर वाघोबाचे ठाणे असते, त्याला मानाने नारळ देतात. “तो त्याच्या घरी राहतो, आम्ही आमच्या,” एवढेच ती म्हणाली.

झाडांची ओळखही तिनेच करून दिली. ऐन आपल्याला नावाने ठाऊक असतो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते आणि त्याच्या खोडात पाणी साठलेले असते, हे ठाऊक नसते. कांडोळाचे झाड पांढरेफटक. पाने गळून गेल्यावर ते रानात एखाद्या चुन्याने सारवलेल्या खांबासारखे उभे दिसते. बाळंतपणात आपण डिंकाचे लाडू खातो ना, तशा डिंकापैकी एक या झाडातून निघतो. काटेसावरीला कळ्या धरल्या होत्या. दोन-चार फुले उमललीही होती आणि त्यांवर पाखरांची गर्दी उसळली होती.

आणि कारवी. तिच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ही कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी, पाऊस संपता संपता, सारी एकदम फुलते. २०१६ साली फुलली होती, २०२४ साली फुलली. आम्ही गेलो तेव्हा फुले सरून चार महिने होऊन गेले होते. टेकडीच्या उतारावर जिकडे पाहावे तिकडे वाळत चाललेल्या काठ्या, आणि त्यांवर चिकट, करड्या बोंडांची दाटी. त्या बोंडांत बी पक्व होते, उन्हाळ्यात ती तडतडून फुटतात, बी उडते आणि आईझाड मरते. पावसाळ्यात त्याच जागी नवी रोपे. काठ्या पाड्यावरचे लोक घराच्या कुडाला वापरतात, वरून शेणामातीचा गिलावा. मुलगी म्हणाली, आता पुढचा फुलोरा २०३२ साली. झाले! आम्ही सहाजणी उतारावर उभ्या राहून बोटे मोजू लागलो. तेव्हा कोण किती वर्षांची असेल? सून पन्नाशीला येईल आणि तिची मुलगी पदवीधर. अक्का म्हणाल्या, “मी शहात्तर.” माई म्हणाल्या, “मी एकोणऐंशी. बघू या.” आपण आयुष्य मुलांच्या इयत्तांनी मोजतो, घराच्या हप्त्यांनी मोजतो. कारवीने मोजायचे म्हटले तर ते फार आखूड निघते हो. कितीही चांगले आयुष्य घ्या, नऊ-दहा फुलोरे, बस्स.

मग ओढा आला.

आला म्हणजे आधी दिसला नाही, वास आला. ओल्या कातळाचा, शेवाळाचा, कुजत्या पानांचा गार वास. मग झाडीतून खाली उतरलो तो समोर काळ्या दगडांची रांगच्या रांग आणि त्यांच्यामधून निघालेली पाण्याची बारीक धार. पावसाळ्यात इथे उभेही राहवत नाही म्हणतात. जानेवारीत मात्र तो अगदी शांत होता. या दगडाला वळसा, त्या दगडाखालून बुडी, मध्येच एखाद्या खळग्यात थांबून आरशासारखा स्वच्छ. तळाचे पान न् पान मोजावे. बोटाएवढे मासे सावली पडली की पांगत, आणि सावली हलली की पुन्हा गोळा होत.

एका थाळीएवढ्या ओल्या मातीवर पंधरा-वीस फुलपाखरे पंख मिटून बसली होती. ती मातीतले क्षार शोषून घेतात. मुलगी म्हणाली, “हे बहुतेक सारे नर असतात.” ताईंनी लगेच विचारले, “आणि बायका कुठे असतात?” ती म्हणाली, “त्या अंडी घालायला योग्य झाड शोधत हिंडत असतात.” आम्ही जे हसलो! जनावर असलेच जवळपास, तर ते त्या हसण्याने ठाण्यापर्यंत गेले असेल.

दगडावरून दगडावर एक लहानसा पक्षी पळत होता. वरून करडा, पोटाशी हळदीचा पिवळा, आणि शेपटी सारखी वर-खाली. त्याचे नाव करडा धोबी. पाण्याच्या काठाशी असतो आणि शेपटी कपडे आपटल्यासारखी हलवतो, म्हणून धोबी. तो आपल्याकडचा रहिवासी नव्हे. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्यापुरता उतरतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. वजन फार तर वीस ग्रॅमच्या आसपास. आपण तोळ्याच्या बांगड्या घालतो ना, दोन तोळ्यांहूनही कमी! एवढा जीव हिमालय ओलांडून येतो, आणि इथे आम्हांला वीस मिनिटांच्या वाटेसाठी महिनाभर परवानग्या काढाव्या लागल्या. उद्यानाच्या नव्हेत, घरच्या म्हणते मी.

मी वाटाडीला विचारले, की पाऊस ऑक्टोबरात संपला. मग हे पाणी जानेवारीत येते कुठून? तिने उत्तर दिले नाही. तिने वाटेकडेचा पालापाचोळा हाताने बाजूला केला. वरची पाने कोरडी, कुरकुरीत, त्याखालची मऊ, त्याहून खालची काळी, ओलसर माती झालेली. ती मूठभर माती तिने माझ्या हातात दिली. गार लागली. पावसाळ्यात पडलेले पाणी हा पालापाचोळा आणि झाडांची मुळे धरून ठेवतात, ते जमिनीत मुरते, कातळाच्या भेगांतून सावकाश झिरपते आणि थेंब थेंब ओढ्याला मिळत राहते. उन्हाळा चढला की तेही संपते. मग या जागी नुसते दगड. जिथे माती झाकून टाकली, सिमेंट केले, तिथे पडलेले पाणी थांबत नाही, सारे एकदम धावत सुटते. एवढे सांगून ती म्हणाली, “आमच्या पाड्यावरचा झरा मे महिन्यात आटतो, मावशी. मग हंडा घेऊन लांब जावं लागतं.” याच उद्यानात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, आणि दोन्हींचे पाणी आजही मुंबईच्या नळांना येते. ती मुलगी तलावांच्या शेजारी राहते आणि हंडा डोक्यावर घेते. आमच्यापैकी कोणालाच त्यावर बोलायला सुचले नाही. शाळेच्या बाईंनी तिला तिळाची वडी दिली. तिने ती रुमालात बांधून ठेवली, धाकट्या भावासाठी म्हणून.

आता माईंचे सांगते.

माई दहिसरच्याच. आपली दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, या उद्यानातून वाहत येते, मग श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा अशी वस्तीतून जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. सारी मिळून बारा किलोमीटरांची नदी. माईंच्या लहानपणी तिला नदी म्हणत असत. त्यांची आई कपड्यांची पाटी घेऊन नदीवर जाई, मागे माई. काठच्या वाळूत खड्डा उकरला की स्वच्छ पाणी लागे, ते प्यायला भरत. लग्न झाले तेही नदीकाठच्याच घरात. पुढे नदीचे काय झाले ते आपण सगळ्या जाणतो. आपल्यापैकी कित्येकींची मुले तिला नाला म्हणतात, आणि वास आला की खिडकी लावून घेतात.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईत कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माईंचे घर तळमजल्यावर होते. यजमान कामावरून निघाले ते अडकून पडले, मुलगा महाविद्यालयात अडकला. घरात माई आणि अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या सासूबाई. दुपारी पाणी उंबऱ्याशी आले, आणि मग थांबेचना. माईंनी सासूबाईंना पलंगावरून उचलून टेबलावर निजवले. टेबलाच्या पायांना पाणी लागले तेव्हा टेबलावर पाट रचले. स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, एक हात सासूबाईंच्या छातीवर, एक हात खिडकीच्या गजाला, अशा रात्रभर उभ्या राहिल्या. वीज नाही, टेलिफोन बंद. पहाटे पाणी उतरले. सासूबाई वाचल्या, पुढे त्या तीन वर्षे होत्या. पण ट्रंकेतले सारे गेले. लग्नाचा शालू, मुलाचे पहिले झबले, आणि आईने अक्षर शिकल्यावर आयुष्यात लिहिलेले एकुलते एक पत्र. शाई धुऊन नुसता कागद राहिला होता.

हे मला ठाऊक नव्हते. तीस वर्षे शेजारी राहते मी त्यांच्या. पूर आला होता, घराचे नुकसान झाले होते, एवढेच ठाऊक होते. नंतर ते तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. मागची खिडकी नदीवर उघडते, ती माईंनी वीस वर्षांत उघडलेली नाही. पुलावरून जायचे तर त्या रिक्षात डोळे मिटून घेतात. पाऊस लागला की जपाची माळ काढतात. आम्ही त्याला भक्ती समजत होतो.

हे सारे त्यांनी सांगितले ते त्या ओढ्याच्या काठी, एका दगडावर बसून, शेंगा सोलता सोलता. कोणी विचारले नव्हते. आवाजही चढला नाही, डोळ्यांत पाणीही आले नाही. शेंग फोडायच्या, दाणे सुनेच्या ओंजळीत टाकायच्या आणि पुढचे वाक्य बोलायच्या. आम्ही गप्प. वाटाडी मुलगीही उकिडवी बसून ऐकत होती. आम्हांला ओणवे बसू नका म्हणणारी तीच.

सांगून झाल्यावर माईंनी हात झटकले, पायातले बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले. मला म्हणाल्या, “हात दे.” मी एका बाजूने आणि सुनेने दुसऱ्या बाजूने धरले. दगड गुळगुळीत, माईंचा गुडघा धड नाही. मला सारखी धास्ती, की आता पाय घसरला तर त्यांच्या मुलाला काय सांगू? एक पाय पाण्यात गेला. घोट्याएवढेच पाणी. मग दुसरा. लुगडे किंचित वर धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ. पाणी पायांना वळसा घालून पुढे जात होते.

अक्कांना राहवले नाही. त्या म्हणाल्या, “माई, किती निवळ आहे बघा! हीच ती आपली नदी, इथं वर अशी असते.”

माई म्हणाल्या, “ही ती नव्हे. ती निराळी. ही हिची पोर असेल. खाली जाऊन आपलं काय होणार आहे, हे हिला अजून ठाऊक नाही.”

आणि वाकून त्यांनी ओंजळ भरली, चेहऱ्यावर पाणी मारले, आणि म्हणाल्या, “गार आहे ग.”

त्यानंतर डबे उघडले आणि आम्ही खूप जेवलो. हेही सांगायला हवे. असे काही ऐकल्यावर माणसाला भूक लागत नाही म्हणतात. आम्हांला भलतीच लागली होती. थालीपिठे पुरली नाहीत.

परतताना उद्यानाच्या गाडीने कान्हेरीच्या लेण्यांवर गेलो. माई पायथ्याशी सावलीत बसल्या, बाकीच्या वर चढलो. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सुमारे हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. मी त्यांतल्या मूर्तींविषयी बोलत नाही, ते जाणत्यांनी बोलावे. मी पाहत होते ती टाकी. लेण्यालेण्याच्या दाराशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके, आणि डोंगरउतारावर पडणारे पावसाचे पाणी त्या टाक्यात आणून सोडणारे, कातळातच कोरलेले पाट. जानेवारी महिना होता, तरी टाक्यांत पाणी होते. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. लेणे कोणी कोरवले, टाके कोणी दिले, हे त्यांत लिहून ठेवलेले आहे. आणि देणाऱ्यांत भिक्षुणी आहेत, घरच्या संसारी बायकाही आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या बाईने आपल्या पैशांतून पाण्याचे टाके खोदवून दिले आणि त्यावर तसे कोरून ठेवले, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होते? शाळेच्या बाईंनी आणखी एक सांगितले. तिथल्या लेखात ‘मंगलठाण’ नावाच्या गावातले शेत लेण्यांच्या खर्चासाठी लावून दिल्याचे आहे. ते मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे. आज मेट्रोच्या पाटीवर आपण ते नाव वाचतो आणि डब्यात शिरतो. त्या शेतावर राबणाऱ्या बायका असतील, त्यांनीही भाकरी बांधून दिल्या असतील या डोंगरावर.

खाली आलो तर माई आणि वाटाडी मुलगी गप्पांत रंगल्या होत्या. माई तिला सांगत होत्या की वाळूत खड्डा उकरताना पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, दुसरे येते ते भरायचे. ती म्हणत होती, “आम्ही पण तसंच करतो, आजी.” सकाळी मावशी होत्या, आता आजी झाल्या होत्या, पण माईंनी तक्रार केली नाही.

माईंची मागची खिडकी अजून बंदच आहे. कोणी विचारील, म्हणून सांगून ठेवते. खाली वाहणाऱ्या नदीत सांडपाणी येते आहे, काठाला उंच भिंती आहेत, आणि पाऊस लागला की माळ अजून निघते. परवा मी त्यांना विचारले, की पुन्हा येणार का. त्या म्हणाल्या, “येईन. पण जानेवारीतच. पावसाळ्यात मला कोणी बोलावू नका.”

मंडळातर्फे येत्या जानेवारीत पुन्हा जायचे ठरते आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. बारा जणींहून अधिक घेणार नाही, कारण वाट अरुंद आहे आणि आपण बोलतो फार. पायांत चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. सोमवार सोडून कोणताही दिवस चालेल. थालीपिठे या वेळी जास्त करू. आणि पाड्यावरच्या त्या मुलीने विचारले आहे, की तिच्या झऱ्याशी टाके बांधायचे तर आपले मंडळ काही करू शकेल का. तो विषय पुढच्या सभेत घ्यावा, अशी माझी अध्यक्षाबाईंना विनंती आहे. मी तिला ‘विचारून सांगते’ म्हटले आहे, आणि ती वाट पाहते आहे.